जंगलाकडच्या सहा बांध्या

मोहबोडी,
१८ जानेवारी

प्रिय दिव्यानी,

वरचे दोन शब्द लिहून दोन दिवस झाले. पुढचं सुचत नाही असं नाही, सगळं नीट सुचतं, पण लिहायला बसलं की लाज वाटते आणि मी उठून भांडी घासायला जाते. आमच्या घरात एवढी लखलखीत भांडी कधी नव्हती. फोनवर का नाही लिहिलं, असं तू म्हणशील. फोनवर लिहिलं असतं तर पाठवल्यावर पाच मिनिटांत मीच ते पुसून टाकलं असतं. माझा स्वभाव तुझ्याइतका कोणाला ठाऊक आहे?

आधी घरची खबर देते. तुझ्या आईचा, काकूंचा, गुडघा आता बरा आहे. लाखोरी फुलावर आली आहे आणि त्या रोज बांधावर चक्कर मारतात. येता-जाता माझ्याकडे डोकावतात आणि एकच विचारतात, "तुह्या दोस्तीनचा फोन आला का व?" गोंडपिपरीला गेल्यापासून तू घरी फोन केलेला नाहीस हे त्या मला सांगत नाहीत, मलाच ओळखावं लागतं. मी सांगते की आला होता, बरी आहे, कामात आहे. परवा तळ्यातली मासळी झाली तर वाटीभर रस्सा घेऊन आल्या. मी तो खाल्ला. त्या समोर बसून होत्या.

तुझे बाबा मागच्या वाटेनं जातात-येतात. पारावर बसत नाहीत. धानावरच्या किडीच्या पाहणीचं त्यांचं काम आता सोनूकडे दिलं आहे. पोरगा चांगला आहे, पण चूड हलवायच्या आधीच आकडा लिहून मोकळा होतो. काकांची पद्धत तुला आठवत असेल. पहाटे गुडघाभर चिखलात उकिडवं बसायचं, धानाच्या चुडावर, त्या रोपांच्या झुबक्यावर, हलक्या हातानं थाप मारायची, खाली पाण्यात पडलेले तुडतुडे मोजायचे. शेताच्या एका बांधीत वीस चुडं, अशा बारा बांध्या. सहा गावाकडच्या, सहा जंगलाकडच्या. ओल्या हातानं शाई पसरते म्हणून पेन्सिलनं लिहायचं आणि कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून शर्टाच्या आत ठेवायचा. माझ्या संस्थेत आणून दिला तरी तो कागद कोमट असायचा.

आपण सातवीत असताना एकदा त्यांच्यासोबत गेलो होतो. तुझ्याकडे एक बांधी, माझ्याकडे एक. मला कंटाळा आला आणि शेवटच्या चार चुडांपुढे मी बसल्या जागेवरून शून्य लिहिलं. काकांनी सायकल बांधाला टेकवली, मला हाताला धरून परत पाण्यात नेलं आणि म्हणाले, "शून्य मंजे तू पाह्यली अना भेटला नाई. पाह्यलीच नाई त काऊन लिवली?" तू बांधावर उभी राहून हसत होतीस. हे मुद्दाम सांगते, कारण पुढचं वाचून तू म्हणशील की रंजीताला कळलं नसेल. मला कळत होतं. सातवीपासून कळत होतं.

आता ते सांगते. तुला यातलं बरंच ठाऊक आहे, तरी क्रमानंच सांगते, नाहीतर मी मधलंच काहीतरी गाळून टाकीन. गेल्या पावसाळ्यात संस्थेनं चौदा गावांच्या कीड पाहणीचे सगळे कागद एकाच कॉम्प्युटर प्रणालीत भरायला घेतले. जुने तीन वर्षांचे गठ्ठे आणि दर आठवड्याचा नवा कागद, दोन्ही. आपल्या गावचे कागद भरायचं काम माझ्याकडे होतं. गावाची सरासरी चुडामागे दहा तुडतुड्यांच्या वर गेली की प्रणाली आपोआप सगळ्यांच्या मोबाइलवर फवारणीचा निरोप पाठवणार होती. मी खूश होते. काकांचा कागद पूर्वी फायलीत जाऊन पडायचा, तो आता कोणाच्या तरी कामाला येईल असं वाटलं होतं. खोटं नाही बोलत, तसं खरंच वाटलं होतं.

दसऱ्याच्या आधी तीन आठवडे वाघीण पिल्लं घेऊन नाल्यात बसली होती. वनरक्षकांनी जंगलाकडच्या बांध्यांत जायला सगळ्यांनाच मनाई केली होती, म्हणजे शेतकरीही तिकडे फिरकले नाहीत. काकांच्या तिन्ही आठवड्यांच्या कागदांवर त्या सहा बांध्यांपुढे आकड्याच्या जागी एकच शब्द आहे, वाघ. खाली शेऱ्यात लिहिलं आहे, वाघ आहे, बांधीत गेलो नाही, पाहिले नाही. कॉम्प्युटरला वाघ चालेना. लाल अक्षरांत 'संख्या भरा' असं यायचं आणि पुढचं पान उघडायचंच नाही. मी प्रशिक्षण देणाऱ्या पियुषला फोन केला. तो म्हणाला, रिकामं ठेवू नका मॅडम, पान सेव्ह होणार नाही. त्यानं एवढंच सांगितलं. शून्य माझं आहे. सहा बांध्या, तीन आठवडे, अठरा शून्यं.

घाई कशाची होती तेही सांगते. चौदा केंद्रांत ज्याचं काम आधी पुरं होईल त्याचा सत्कार होता. माझा पहिला नंबर आला. संस्थेचे अध्यक्ष सोमाजीभाऊ यांच्या हातून घेतलेल्या प्रमाणपत्राचा फोटो मी ग्रुपवर टाकला होता आणि तू त्याच्याखाली सहा फुलं पाठवली होतीस.

मधल्या काळात काय झालं याचा हिशोब मी नंतर केला. गावाकडच्या सहा बांध्यांत चुडामागे बारा तुडतुडे होते. तेवढेच आकडे धरले असते तर निरोप गेला असता, लोक दहा-पंधराच्या टोळीनं, डबे वाजवत का होईना, तिकडे गेले असते. माझ्या शून्यांमुळे सरासरी सहावर आली आणि मोबाइल गप्प राहिले. वाघीण हलली, लोक गेले, तेव्हा धान गोल गोल चट्ट्यांनी करपून बसला होता. तुझ्या धनराजकाकांचा अर्धा गेला. देवकाबाईंची तर सगळी शेती तिकडेच, दीड एकर. मुठीत घेतलं की नुसता भुसा. त्या बाईनं या वर्षी घरच्या भातापुरतंसुद्धा पिकवलं नाही, आणि मला पाहिलं की अजून म्हणते, पोरी, जेवलीस का?

फवारणीचा निरोप का आला नाही हे विचारायला दिवाळीनंतर भरलेली ती बैठक तू विसरली नसशील. आपल्या गावाचा जादा कार्यभार तुझ्याकडे होता आणि कृषी सहायक पोरगी बापाला पाठीशी घालते असं लोक तुझ्या तोंडावर बोलत होते. तू छापील यादी मागितलीस. ती मी काढून दिली. पान अजून गरम होतं. तू सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलंस, सर्वेक्षकाचं नाव इस्तारी, तारीख अमुक, जंगलाकडच्या सहा बांध्या, शून्य, शून्य, शून्य. मग विचारलंस, वाघामुळे कोणीच जात नव्हतं तर हे शून्य आलं कुठून? काका उभे राहिले. ते तुला मॅडम म्हणाले, आठवतं? "मी शून्य नाई लिवलो, मॅडम. मी वाघ लिवलो होतो." मागे कोणीतरी हसलं. मग तू माझ्याकडे वळलीस आणि म्हणालीस, रंजीता, कागदावर काय होतं?

कागद कुठे होते सांगू? माझ्या पाठीमागच्या लोखंडी कपाटात, दुसऱ्या खणात. किल्ली माझ्या ओढणीला बांधलेली होती. मी म्हणाले, कागदावर होतं तेच भरलं. एवढंच बोलले. काकांनी माझ्याकडे पाहिलं. चिडून नाही पाहिलं. आपण काही चुकीचं ऐकलं का, असं पाहिलं. मग ते खाली बसले आणि त्यांच्यावर लोक काय काय बोलले ते तू ऐकलंसच. तूही बोललीस. चोवीस वर्षं बाप म्हणून मान दिला त्याची शरम वाटते, असं तू म्हणालीस, आणि तेव्हाही किल्ली माझ्याच ओढणीला होती.

नोकरी जाईल अशी भीती होती, हे खरं. पण तेवढंच नव्हतं. प्रमाणपत्र भिंतीवर लावलं होतं, गावात पोरी मला पाहून कॉम्प्युटर शिकायचं म्हणत होत्या, आणि त्या सगळ्यांसमोर उतरायचं माझ्या जिवावर आलं. एका दिवसाचं मौन मग एका आठवड्याचं झालं. तू दुसऱ्याच आठवड्यात गोंडपिपरीची बदली मागून निघून गेलीस. बस सुटेपर्यंत मी थांब्यावर उभी होते. तू खिडकीतून म्हणालीस, निदान तू तरी खरं बोललीस. त्या वाक्यानंतर मला नीट झोप लागलेली नाही, आणि लागू नयेच.

मागच्या सोमवारी वरून सूचना आली की माहिती आता कॉम्प्युटरमध्ये आहे, जुने कागद रद्दीत काढा. रद्दीवाला दारात तराजू घेऊन उभा. ते तीन कागद त्या गठ्ठ्यातून गेले असते तर मी जन्मभरासाठी सुटले असते. पेन्सिलचे 'वाघ' अजून स्वच्छ वाचता येतात. काका तो शब्द फार नीट लिहितात, वरची रेघ अगदी सरळ. मी रद्दीवाल्याला परत पाठवलं. अस्सल कागद माझ्या लेखी कबुलीसह सोमाजीभाऊंकडे दिले. ते वाचून म्हणाले, "तू त लय उशीर केली, बाई." सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत मी उभी राहून सगळं सांगणार आहे. देवकाबाईंना गुरुवारीच सांगून आले. त्यांनी चहा टाकला, पण स्वतः घेतला नाही. कागदांच्या झेरॉक्स या पाकिटात आहेत. माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नकोस, त्या पाहा.

आता हे पत्र का लिहिलं ते. शुक्रवारी मी तुझ्या घरी गेले. काका अंगणात जाळं विणत बसले होते. मी जमिनीवर बसून सगळं सांगितलं, पाया पडायला गेले तर त्यांनी पाय मागे घेतले. म्हणाले, "मले सांगून काय होते? मले मालूमच होता मी काय लिवलो त. गावाले तुले सांगाचं असंन त सांग, नाई त राहू दे. मी त्या सभेत येत नाई. पह्यले माह्या पोरीले सांग." मी होय म्हटलं आणि उठले. फाटकापाशी पोचले तेव्हा त्यांनी हाक मारली. तुला लिहायला सांगितलेलं जसंच्या तसं उतरवते आहे: "तिले लिव, तिनं जे वाचली ते बराबर वाचली. कागदावर तसंच असतं त मीबी तेच बोललो असतो. तिची चूक नाई. घरी ये मनाव." हे त्यांचे शब्द आहेत, दिव्यानी. यात मी काहीही भरलेलं नाही.

तुझीच म्हणवून घ्यायची हिंमत नसलेली,
रंजीता