मशीन शिकलं, संचालक राहिले

धायरी, पुणे
मार्च २०१९

आदरणीय रतनमामा यांस,
अक्षताचा सविनय जयभीम.

तुमचा गुडघा कसा आहे? आईने पाठवलेलं तेल तुम्ही लावत नाही, बाटली देव्हारा नसलेल्या घरात शोभेची वस्तू म्हणून फडताळावर ठेवली आहे, अशी पक्की खबर मामींकडून नागपूरहून आली आहे. आईच्या कानावर मी ती घातलेली नाही. (घालू शकते. लक्षात असू द्या.) इकडे आम्ही दोघी खुशाल आहोत. आई इस्पितळातून निवृत्त झाली, पण आमच्या सोसायटीत तिला विचारल्याशिवाय कुणी खोकत नाही.

तुम्ही फोनवर विचारलंत की ‘पेपरात तुमच्या संस्थेचा एवढा मोठा फोटो आला, त्यात तू का नव्हतीस?’ फोनवर उत्तर द्यायला लागले की तुम्ही मध्येच पाटबंधारे खात्यातली एखादी आठवण काढता आणि माझं राहून जातं. पत्र मध्येच तोडता येत नाही, म्हणून लिहिते आहे. चहा घेऊन बसा.

माझं काम तुम्हाला ठाऊक आहे. काँक्रीटमध्ये पॉलिमर, म्हणजे दुधासारखा दिसणारा एक चिकट द्रव, थोडासा मिसळला की भेगा कमी पडतात. ‘थोडासा’ हा शब्द महत्त्वाचा. जास्त ओतला की काँक्रीट मऊ पडतं आणि वजन घ्यायच्या वेळी अंग काढून घेतं. तर किती म्हणजे थोडासा, हे शोधण्यासाठी मी वर्षानुवर्षं ठोकळे ओतते, सुकवते आणि यंत्राखाली फोडते. पीएच.डी. करून ठोकळे फोडणारी, अशी माझी नातेवाइकांत ओळख आहे. ती चुकीची नाही.

गेल्या वर्षी आमचे संचालक बंगळूरला एका परिषदेला गेले आणि लोक चंदनाचा साबण आणतात तसं मशीन लर्निंग घेऊन आले. (मशीन लर्निंग म्हणजे संगणकाला जुनी ढीगभर उदाहरणं दाखवायची आणि नव्या उदाहरणाचं उत्तर त्यालाच विचारायचं.) त्यानंतर संस्थेतल्या प्रत्येक प्रकल्पाच्या नावात ते दोन शब्द आलेच पाहिजेत असा फतवा निघाला. उपाहारगृहातला वडा तेवढा वाचला. माझ्या वाट्याला हिंजवडीच्या एका कंपनीतून केयूर नावाचे गृहस्थ आले. शनिवार पेठेतले. पांढरे शुभ्र बूट घालून प्रयोगशाळेत आले आणि पहिलाच प्रश्न त्यांनी असा विचारला, “सिमेंट आणि काँक्रीट एकच ना?” मी म्हटलं, “हो, पीठ आणि पोळी एक असेल तर.” त्यांनी ते संगणकात टिपून घेतलं. हा माणूस इतका शांतपणे अपमान करून घेतो की करणाऱ्यालाच कसंतरी होतं.

केयूरनी संस्थेचे सगळे जुने वार्षिक अहवाल मशीनला खाऊ घातले. मशीन तृप्त झालं आणि बोलू लागलं. काय बोललं? पॉलिमर वाढवा, ताकद वाढेल. आणखी वाढवा, आणखी वाढेल. त्या हिशेबाने सिमेंट अजिबात न घालता नुसता चीक ओतला असता तरी त्यावरून रणगाडा गेला असता. मी हसले. संचालक हसले नाहीत. त्यांच्याकडे एका कंपनीच्या समाजकार्याच्या पैशातून बांधायचा पूल होता.

हा पूल लहानसाच, धायरीच्या पुढे कालव्यावर, पायी जाणाऱ्यांसाठी. पलीकडच्या वस्तीतली मुलं शाळेला येताना पाण्याच्या जाड पाइपावरून, दप्तर पाठीला बांधून, हात पसरून चालत येतात. मी एकदा पाहिलं आणि पुन्हा तिकडे बघायची हिंमत झाली नाही. तर पूल हवाच होता. पण संचालकांना तो मशीनने सांगितलेल्या मिश्रणाचा हवा होता, म्हणजे ‘देशातला पहिला’ असं काहीतरी छापता येईल.

बैठकीत मी म्हटलं, “सर, आधी त्याच मिश्रणाची एक फरशी ओतून तपासू.”

“डॉक्टर अक्षता, आपण मशीनवर अविश्वास दाखवता आहात.”

“मशीनवर नाही सर. आपल्या अहवालांवर.”

कुणाच्या तरी घशात बिस्किट अडकल्याचं खोलीभर स्पष्ट ऐकू आलं. बैठक संपल्यावर केयूर माझ्यामागे जिन्यापर्यंत आले. “अहवालांत काय नाहीये?” एवढंच विचारलं. मी त्यांना इमारतीमागच्या कुंपणापाशी नेलं. तिथे आमच्या संस्थेचं खरं संशोधन पडलेलं आहे: फुटलेले, भुसभुशीत, दुभंगलेले ठोकळे, त्यांवर गवत उगवलेलं. दरवर्षी टिकलेले ठोकळे अहवालात जातात आणि फुटलेले कुंपणापाशी. त्यामुळे काँक्रीट फुटू शकतं ही गोष्ट बिचाऱ्या मशीनला माहीतच नव्हती. (आमच्या संस्थेत अपयश येत नाही. ते गवतात ठेवलं जातं.) केयूरनी एक ठोकळा उचलला, तो त्यांच्या हातातच ढासळला आणि पांढऱ्या बुटांवर पडला. “मला कोणी सांगितलं नाही,” ते म्हणाले. “तुम्ही विचारलं नाहीत,” मी म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि तसेच, बूट न झटकता, संचालकांच्या खोलीत गेले.

तिथून जे निष्पन्न झालं ते ऐका. संचालकांनी फरशी ओतायला परवानगी दिली, पण सोहळा म्हणून! आवारात गुडघाभर उंच दोन भिंती बांधायच्या, त्यावर ती फरशी ठेवायची, एका बाजूने मातीचा चढ करायचा, पत्रकार बोलवायचे आणि स्वतः संचालक आपली नवी कोरी गाडी त्यावर चढवणार. तांत्रिक चाचणी असं पत्रिकेवर छापलं होतं. खाली अल्पोपाहार.

मी वाळूच्या पोत्यांची मागणी केली. पोती फोटोत चांगली दिसत नाहीत असं कळलं. त्या दिवशी मी अक्षरशः गाडीपुढे उभी राहिले. “सर, गाडी नको. आत माणूस नको.” त्यांनी काच खाली केली आणि पत्रकारांकडे बघून गोड हसले. “आमच्या अक्षता मॅडम जरा भित्र्या आहेत.” मग दोघा शिपायांनी मला अदबीने बाजूला केलं, नारळ फुटला आणि गाडी चढली.

आवाज मोठा नव्हता मामा. पापड मोडावा तेवढाच. पुढची दोन्ही चाकं फरशी फोडून खाली गेली आणि सळ्यांच्या जाळीत अडकली. मागची चाकं हवेत. संचालक पट्टा बांधलेल्या अवस्थेत, नमस्कारासाठी पुढे झुकल्यासारखे, आणि वायपर आपोआप सुरू झालेले. आई निमंत्रितांत होती. ती पदर खोचून पुढे गेली, खिडकीतून हात घालून तिने त्यांची नाडी बघितली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “नाडी ठीक आहे. बाकीचं माझ्या हातात नाही.”

सगळे हसले. मला हसू आलं नाही. मला त्या जाळीत गाडी दिसतच नव्हती, पाठीवरची दप्तरं दिसत होती. मी तिथेच मातीवर बसले. तेवढ्यात केयूर ध्वनिक्षेपकापाशी गेले आणि म्हणाले, “मॉडेल चुकलं. मी ते अर्धवट माहितीवर शिकवलं. डॉक्टर अक्षतांनी आधीच सांगितलं होतं.” पुण्यात भर समारंभात ‘मी चुकलो’ म्हणणारा माणूस मी तरी पहिल्यांदाच पाहिला. पत्रकारांनीही पाहिला नसावा, कारण कुणीच लिहून घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं: ‘काँक्रीट केव्हा मोडते याचा शोध, पुण्यातील संस्थेचा प्रयोग यशस्वी’. सोबत गाडीशेजारी हसतमुख संचालक. तोच तुम्ही पाहिलेला फोटो. त्यांना त्यावर बोलायला सिंगापूरला बोलावलं आहे. मला मेमो आला आहे, आवारात राडारोडा केल्याबद्दल.

पूल मात्र झाला. माझ्या मिश्रणाचा, पॉलिमर थोडासाच. त्याआधी केयूरनी आणि मी चांगले-वाईट सगळे ठोकळे पुन्हा ओतले, फोडले आणि फुटलेल्यांसकट मशीनला दिले. सिमेंटने त्यांच्या हातांची सालं निघाली, आईने मलम लावलं. आता मशीनला एखादं मिश्रण अनोळखी वाटलं तर ते खात्री कमी असल्याचं स्वतःहून सांगतं. आमच्या संस्थेत असं सांगणारं ते एकटंच आहे. पुलावर संगमरवरी पाटी आहे, तिच्यावर संचालकांचं नाव आहे. रविवारी मी मुद्दाम जाऊन पुलाच्या मधोमध उभी राहिले. मागून सायकलवरून एक मुलगी आली, घंटी वाजवली आणि ओरडली, “ओ मॅडम, सरका की! वाटंत काय हुभ्या राहिलाय?” मी सरकले. इतकं बरं मला पदवीदानाच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

मामींना आणि गुडघ्याला माझा नमस्कार सांगा.

आपली भाची,
अक्षता

ता. क. पुढच्या महिन्यात पुण्याला यायलाच हवं. केयूरने आणि मी विवाह नोंदणी कार्यालयात नोटीस दिली आहे. साक्षीदार म्हणून आई आहे, त्याचा एक मित्र आहे, तिसरे तुम्ही. आईला आक्षेप नाही. ती म्हणते, मलम लावताना हात मागे घेत नाही, म्हणजे मुलगा ठीक आहे.

ता. क. २. पण त्याआधी एक काम आहे आणि खरं तर त्यासाठीच हे पत्र. शनिवार पेठेत केयूरच्या आईंना, सुनीतीबाईंना, अजून नोटिशीचं सांगितलेलं नाही. मी एकदा जाऊन आले. त्यांनी फार सौजन्याने माझं आडनाव विचारलं, मग मूळ गाव विचारलं, मग गावात घर नेमकं कुठल्या बाजूला ते विचारलं. काँक्रीटबद्दल एक अक्षर नाही. तुम्ही सरकारी नोकरीत जन्मभर, चहाही न विचारणाऱ्यांच्या दिवाणखान्यात ताठ बसून काम करून घेतलंत. ती कला आमच्या दोघांतही नाही. त्यांना सांगायला आमच्याबरोबर याल ना?

ता. क. ३. पत्र पाकिटात घालण्याआधी केयूरला वाचायला दिलं. स्वतःबद्दलचं सगळं खरं आहे म्हणाला. त्याच्या आईबद्दलचा मजकूर मात्र पुन्हा पुन्हा वाचला. मग पेन काढून त्यातली एक वेलांटी दुरुस्त केली आणि म्हणाला, “बाकी तसंच राहू दे.”