बांबूच्या सुईची साक्ष

९ फेब्रुवारी
ताप उतरला. हॅमसाठी डुकराच्या एकतीस मांड्यांना मीठ चोळून झालं. बाबांची पन्नास वर्षं वापरलेली बांबूची सुई आता माझ्याकडे, म्हणजे हॅमचा मास्तर आता मी. संकल्प : प्रत्येक हॅममध्ये तीन ठिकाणी सुई खुपसायची, लगेच हुंगायची, असेल तेच लिहायचं. खराब निघालं की बाहेर. सप्टेंबरात बाबांना ऐंशी पूर्ण. साठ पाहुणे, ताटात आमचंच हॅम.
बायकोच्या, सूलानच्या, हाताची चव गेली आहे. भाजीत लसणाचा पत्ताच नसतो.

१४ मे
सगळी तपासली. दुर्गंध शून्य. सुगंधही शून्य. घाई तर केली नाही? पुन्हा हुंगलं. शून्य. घाई नव्हती.

२ जुलै
उलगडा झाला. चीनभर नावाजलेलं जिनह्वा शहराचं हॅम नाकात घुसतं. नोदंग गावचं, तिथल्या खाऱ्या विहिरींच्या मिठामुळे, जरा दबून असतं. आमचं श्वेनवेईचं त्याहून सौम्य, आणि यंदा तर कमाल. यावर लेख लिहावा.
हॅम टांगलेल्या शेडच्या दाराशी तीन कुत्री बसून असतात. जाणकार.

११ ऑगस्ट
सूलानने शेडकडच्या खिडक्यांना ओली फडकी लावली. म्हणाली, तुला खरंच काही वास येत नाही? म्हटलं, काय यायचंय? मग म्हणाली, यापुढे गॅस मीच बघेन. संशयी झाली आहे. कुत्री सात.

१७ सप्टेंबर, सकाळ
परवा वाढदिवस. सर्वांत जड हॅम निवडलं. बाबा काठी टेकत शेडपर्यंत आले, दारातच थांबले, न बोलता परतले. समाधानी असले की ते बोलत नाहीत.

दुपार
बाबांनी तीन सुया पुढे धरल्या. म्हणाले, मास्तर, आपल्या हॅमची कोणती? सावकाश हुंगल्या. मधली, म्हटलं. सौम्य, भारदस्त. ती पुसत म्हणाले, ही डुकरांच्या घाणीतली. ती रॉकेलमधली, ती कोरी. हॅमची आणलीच नाही, सूलानला उलटी झाली असती. मे महिन्यात सडलेलं ते एक बाहेर काढलं असतंस तर बाकीची तीस वाचली असती.
मग हळूच विचारलं, तापात गेलं का रे नाक? या वेळी मास्तर म्हणाले नाहीत.

१९ सप्टेंबर
वाढदिवसाला टोफू. पाहुण्यांनी काही विचारलं नाही.
काल एकतीसही मांड्या ओढ्यापलीकडे पुरल्या, वर चुना टाकला. प्रामाणिकपणे नोंदवतो : खड्ड्यापाशी तासभर उभा होतो, अजिबात वास आला नाही. चुना चांगला निघाला.