शांतम्माचा अर्ज

उदगीर, रविवार

ती. मल्लिनाथमामांस,

बसवराजचे शरणु शरणार्थ. नांदेडच्या एवढ्या उन्हातही आपण काळा कोट चढवून कोर्टात जाता, असे मामींकडून कळले. गुडघ्यांना तेल लावत असालच. इकडे सगळे खुशाल आहेत. फक्त माझ्यावर केस झाली आहे.

काळजी नसावी. वीस वर्षे श्रमाच्या प्रतिष्ठेवर बोलणारा माणूस कामगार कार्यालयाच्या एका नोटिशीने हलत नसतो. (निलंग्याच्या सभेत माइक बंद पडला तरी मी पाऊण तास बोललो. आपण पहिल्या रांगेत होता. झोपला होता, पण होता.) हकिकत अशी. माझ्या डाळमिलमध्ये रंग ओळखून खडे आणि काळी डाळ बाजूला फेकणारे यंत्र बसवले. तेव्हा डाळ निवडणाऱ्या आठ बायकांपैकी चौघींना मुकादम रेवणप्पाने सांगितले, सोमवारपासून येऊ नका. सांगायला मीच लावले. नेमणूकपत्र एकीजवळही नाही. आपल्याकडे माणूस कामावर ठेवायचा म्हणजे अमावास्येला मिलच्या दारात नारळ फोडून त्याच्या हातावर खोबरे ठेवायचे. हे कुठल्याही कागदापेक्षा पक्के, असे मी छाती पुढे काढून सांगत आलो. (खोबरे पुरावा म्हणून दाखल करता येत नाही, हे आता कळले.)

दर गुरुवारी मी ओसरीवर बसून गोरगरिबांचे अर्ज फुकट लिहून देतो, हे आपण जाणताच. गेल्या महिन्यात एका गुरुवारी पन्नाशीची एक बाई आली. एकाच मिलमध्ये अकरा वर्षे काम केले, नोटीस नाही, भरपाई नाही, तोंडी काढून टाकले म्हणाली. मामा, माझी लेखणी पेटली. कायदा घातला, इतिहास घातला, माणूस म्हणजे पोत्याची सुतळी नव्हे, असे लिहिले. मालक बोलायला कसा आहे, विचारले. लई गोड बोलतो म्हणाली, म्हणून ‘ढोंगी’ हा शब्द वाढवला. चार पाने झाली. शेवटी मालकाचे नाव विचारले.

ती म्हणाली, “तुमचंच लिवा की, मालक.”

मी तिला ओळखले नव्हते. धुळीमुळे या बायका तोंडाला फडके बांधून काम करतात (अकरा वर्षे मी फडकेच पाहत होतो). नाव शांतम्मा. लिहायला घेतलेला अर्ज अर्धा सोडणे माझ्या तत्त्वात बसत नाही. नाव लिहिले, तिची सही घेतली, पाकिटाला डिंकही मीच लावला.

तरी केस आपणच जिंकणार. तिच्याकडे त्या अर्जाशिवाय आहे काय? तेवढा खोडून काढा. पुढच्या आठवड्यात बुधवारी लातूरला सुनावणी आहे. वकीलपत्र सोबत जोडले आहे.

आपला,
बसवराज

ता. क. अर्जाची प्रत पुन्हा तीनदा वाचली. खोट सापडत नाही. आपणही शोधू नका; वकीलपत्र फाडून टाका.

ता. क. दुसरा, मंगळवारी. चौघी कालपासून कामावर आहेत. यंत्रातून बरेच काही निसटते, ते त्यांच्या हातून निसटत नाही. पण शांतम्मा अर्ज मागे घ्यायला तयार नाही. अर्धा तास समजावले. तिने सगळे ऐकून घेतले आणि नेमणुकीचा कागद मागितला. तेव्हा खरे काम हे, की आठही जणींची नेमणूकपत्रे आपण सुनावणीच्या आत करून पाठवावीत. मी स्वतः एक लिहून पाहिले, पाच पाने झाली. शांतम्माने शेवटपर्यंत वाचले आणि विचारले, “समदं चांगलं हाय, मालक. पण ह्यात पगार कुटं हाय?”