पौषातली उन्हाळी

नाना, आज तुमचा फार राग आलाय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता रागावून उपयोग नाही, पण आलाय.

रामकुंडावर श्राद्ध सांगायला बसलात की मध्ये लघवीला उठायचं नाही. उठलात तर सोवळं मोडणार, पुन्हा अंघोळ, यजमान ताटकळणार. म्हणून तुम्ही सकाळपासून पाण्यालाच शिवत नव्हतात. आई फुलपात्र घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी आहे, "अहो, घोटभर तरी घ्या," आणि तुम्ही उपरणं सावरत म्हणताय, "दुपारी बघू." नदीकाठी बसून कोरडा राहणारा असा माणूस मी दुसरा पाहिला नाही. जळजळ व्हायला लागली तर म्हणालात, उन्हाळी लागली. ऐन पौषात, पंचवटीत शेकोट्या पेटलेल्या असताना. आई बिचारी धने-जिऱ्याचं पाणी करत राहिली. धोतर धुताना तिला लाल डाग दिसला, तेव्हा म्हणालात बीट खाल्लं असेल. ती म्हणाली, "आपल्याकडे बीट आणतं कोण?" त्यावर तुम्ही पेपर उघडलात.

थंडी वाजून ताप चढला तेव्हा कुठे मूत्ररोगतज्ज्ञाकडे नेता आलं. तिथेही मला म्हणालात, "तू बाहेर बस." पडद्याआडून सगळं ऐकू येत होतं. "लघवीत रक्त दिसलं की दुखो न दुखो, लगेच यायचं. थेंब थेंब होतेय, कंबरेतून कळा येतात, हे अंगावर का काढलंत?" तुम्ही म्हणालात, "असलं सांगायचं कुणाला?" मुतखड्यांनी तोवर दोन्ही मूत्रपिंडं निकामी केली होती. जगाच्या पितरांची एवढी काळजी केलीत नाना, आणि आम्हाला बाप हवा होता त्याचं काही नाही.

आज आमच्या डॉक्टरीणबाई माझ्यावर वैतागल्या. "जळजळ पुन्हा पुन्हा होतेय, आता तज्ज्ञाला दाखवाच. तो काही फक्त पुरुषांचा डॉक्टर नसतो." मी शाळेत शिकवते. तिथल्या बाथरूमला धड कडी नाही, म्हणून घरी येईपर्यंत मी पाणी पीत नाही. तुमचीच लेक.

उद्याची वेळ घेतलीय. घरी सांगितलंय, कंबर दाखवायला जाते. हे पत्र कुठे पाठवायचं नाही म्हणून खरं लिहिते, सकाळी भरलेली पाण्याची बाटली आजही पर्समधून तशीच परत आलीय.