पेइ-छीचा लेख

४ सप्टेंबर

आणखी एका परीक्षकाने लेख परत पाठवला — न वाचताच! ‘वेळ नाही.’ पीएच.डी.च्या पोरांनी चालवलेल्या नियतकालिकासाठी वेळ असतो कुणाला? आतल्या पानावर आम्हा पाच संपादकांची नावं. राबणारी मी एकटी. अंक जूनमध्येच निघायला हवा होता.

जिन्यात शिउंग सर भेटले. आमचे सल्लागार. “काय यून-ह्वा, अंक निघतोय, की मेलेल्यांसाठी जाळतात तसे त्याच्याही नावाने कागद जाळायचे? भुतांचा महिना चालूच आहे!” स्वतःच हसले. मीही हसले. काय करणार!

एकच जमेची बाजू — माझ्या मैत्रिणीचा, पेइ-छीचा लेख. मिठागरातल्या बायकांवर. दोन्ही परीक्षकांनी उचलून धरलाय. पहिला तोच लावणार. तो छापून आला की तिची कॉलेजातली नोकरी पक्की.

९ सप्टेंबर

वादळाची सुट्टी. खिडक्या खडखडतायत. घरातच संदर्भ तपासत बसले. दुसऱ्या विद्यापीठातला एक जुना प्रबंध उघडला, कुणा तेंगचा. वाचता वाचता थांबले. यातली पानंच्या पानं पेइ-छीच्या लेखात आहेत! शब्द न् शब्द. पायाच्या भेगांत मीठ जाऊ नये म्हणून बायका चिंध्या बांधतात — ते वाक्यसुद्धा. मला सगळ्यात आवडलेलं. खाली टीप नाही, तेंगचं नाव नाही.

पेइ-छी! असं कसं करेल ती?

१० सप्टेंबर

तिला माशाची पेज खायला बोलावलं. विचारलं सरळ.

तिने चमचा खाली ठेवला. “मग नको छापूस.”

“अगं, एक टीप टाकायला काय झालं होतं?”

“नाही टाकता आली.”

“म्हणजे काय? मी सरांना काय सांगू?”

“तुला दिसलं ते सांग.”

रडली नाही, भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. पेज तशीच राहिली दोघींची.

१४ सप्टेंबर

सरांना सांगितलं. म्हणाले, “लेख काढ. चोरी ती चोरी.” मग माझ्यासमोरच त्या कॉलेजला फोन लावला! मी म्हटलं, सर, एवढं नको. हातानेच गप्प केलं मला.

१५ सप्टेंबर

काही सुचत नाही.

२१ सप्टेंबर

नोकरी गेली तिची. खोली सोडून आईकडे गेली, समुद्राकडे. माझा फोन उचलत नाही. विभागातली एक पोरगी तोंडावर म्हणाली, “ताई, मैत्रिणीलाच बुडवलंत हो!” दुसरी म्हणाली, “बरं केलंत.” हे जास्त लागलं.

अंकात आता तीन लेख. तिन्ही रटाळ. कोण वाचणार, कशासाठी काढतेय? सर म्हणतात, तत्त्व महत्त्वाचं. त्यांना झोप लागत असेल.

२५ सप्टेंबर

चंद्राचा सण. गल्लीभर शेगड्या, मांस भाजल्याचा धूर. आईचा फोन — “पपनस सोलून ठेवलंय, ये की गं.” अंकाचं काम आहे म्हटलं. काम कसलं! दरवर्षी गच्चीवर आम्ही दोघी शेगडी पेटवायचो. आज दार लावून पडून राहिले.

३ ऑक्टोबर

अंक छापून आला. गठ्ठे उघडलेसुद्धा नाहीत.

६ ऑक्टोबर

विभागात फोन आला — तेंग! सरांनी कळवलं होतं त्याला, तुमचं लिखाण चोरणारीचा लेख आम्ही काढून टाकला म्हणून.

“प्रबंधातलं ते प्रकरण मी लिहिलेलंच नाही हो,” म्हणाला. “माझा मुलगा तेव्हा दवाखान्यात होता. शेवटची मुदत संपत आलेली. पेइ-छीनेच लिहून दिलं मला. कुणाला बोलली असती तर माझी पदवी गेली असती, शाळेतली नोकरीही.”

मी उठून विभागाचं दार लावून घेतलं.

“हॅलो? बाई, ऐकताय ना? लेखाचं जाऊ दे — तिला ती कॉलेजातली नोकरी तर लागली ना?”