साय हळू सरकते

शुक्रवार, संध्याकाळ. साखरा.

आज वर्गात दुधाचं पातेलं तापवलं. खालचं तापून वर येतं, वरचं निवून खाली जातं, तशी वरची साय सरकते. पृथ्वीच्या पोटातला खडकही लाखो वर्षं असाच वळत राहतो. त्यानं खंडं कुठं उचलली जातात, कुठं खचतात. पोरं खूश.

शाळेत खिचडी शिजवणाऱ्या शेवंताबाई दारातून ऐकत होत्या. परवा जमिनीतून गडगड आवाज आला, तेव्हापासून त्या लेकीला घेऊन अंगणात झोपतात.

"म्हंजी सर, आमी साईवर बसून राहिलो का?"

"हो, पण ही साय फार हळू सरकते."

"मंग घरात झोपू का?"

काय सांगायचं? तो आवाज त्या खोलच्या हालचालीचाच का, उद्या हादरा बसेल का, मला माहीत नाही. तसंच सांगितलं. इतकी वर्षं भूगोल शिकवतो, आणि...

त्या रागावल्या नाहीत. "खरं बोललात, बरं झालं. घरी चला, एक काम हाय."

तांड्यावर गेलो. घरात लेक एरवी झोपते तिथं, उशाच्या वरच्या फळीवर, भरलेली लोखंडी पेटी होती. दोघांनी धरून ती जमिनीवर उतरवली. दंड अजून दुखतोय.