भोपाळ ते मुंबई, हादरा न लागता

१३ जाने. ५९, भोपाळ
यांच्या उजव्या डोळ्यापुढे कालपासून काळं. खालून वर चढतंय म्हणतात. डॉक्टरांनी तपासलं. आतला पडदा सुटलाय. ऑपरेशन मुंबईलाच, आणि लवकर. डावा डोळा लहानपणापासून अधू, म्हणजे सगळी भिस्त याच्यावर. नकाशे काढून पोट भरणारा माणूस!
"रेल्वेने नेऊ नका, हादरे नकोत," डॉ. म्हणाले.
आगगाडीचे पाचशेच्या वर मैल. रात्रभर हादरेच.

संध्या. – विमान आहे. इंदूरला उतरून मुंबई, तीन-साडेतीन तास. आमच्यात कुणी कधी बसलेलं नाही. सासूबाई यांच्या बदलीपायी नागपूर सुटल्यापासून माझ्याशी मोजकंच बोलतात. आज आपणहून म्हणाल्या, "बेबीला मी बघते. तू त्याचं डोकं सांभाळ."

१४ जाने.
संक्रांत. तीळ तसेच पडलेत. शेजारच्या रझियाआपांच्या भावाने मोटारीने बैरागढला विमानतळावर नेलं, बैलगाडीच्या चालीने. धुकं. वर घरघर ऐकू आली, दिसलं काहीच नाही. विमान न उतरताच पुढे गेलं. परतताना हे म्हणाले, "सुमन, तुझी हनुवटी दिसत नाहीये."


१५ जाने., मुंबई
पोचलो! सकाळी लख्ख ऊन. विमानात चढायच्या आधी मी वैमानिकालाच गाठलं. माझं हिंदी ते काय. "भाईसाहब, इनकी आँख… धक्का मत देना." हसला नाही. म्हणाला, "बहनजी, अंडे की तरह उतारूँगा."
आणि इंदूरला चाकं कधी टेकली ते खरंच कळलं नाही. पुढे मात्र घाटावर विमान खाली-वर. यांचं डोकं दोन्ही हातांत धरून बसले. हात आखडले, सोडले नाहीत. हे डोळे मिटून. "खाली काय दिसतंय?" सारखं विचारत. सांगत राहिले: पिवळी शेतं, नदी, मग डोंगर, मग एकदम समुद्र. खरं तर घाटावर मीही डोळे मिटले होते. डोंगर मनचेच.
सांताक्रूझला भाऊजी आले होते. थेट इस्पितळात. तिथले मोठे डॉ. म्हणाले, "पडद्याचा मधला भाग अजून शाबूत आहे. वेळेत आणलंत." बाहेर येऊन मी बाकावर रडले. भाऊजी घाबरले. अहो, बरं वाटलं म्हणून!

१७ जाने.
ऑपरेशन झालं. दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. हलायचं नाही. शिंक आली तर? हेच डोक्यात.

२० जाने.
शिंक आली नाही. भाऊजींनी घरी तार केली. भरवताना हे माझ्या बोटाला चावले. दोघंही हसलो, मग नर्स रागावली.

२६ जाने.
पट्टी काढली. डॉ.नी बोटं धरली. "तीन," हे म्हणाले. तीनच होती. खालचं काळं गेलंय. बारीक रेघ दिसेल की नाही, टेबलावर पुन्हा बसता येईल की नाही, ते दोन-तीन महिन्यांनी कळेल म्हणे. विचारलं तर डॉ. नुसतं "बघू" म्हणतात.
हे माझ्याकडे बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "किती वाळलीस गं." त्यानंतर चहा मागितला, आणि साखर कमी म्हणून कुरकुरले.
आज दुपारी गाढ झोपले मी. खुर्चीतच.